सड्याचा मालक कोण आणि जाणकार कोण?

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०२६ हे वर्ष 'चराऊ कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष' म्हणून जाहीर केले. हा ठराव २०२२ सालचा. त्याची वार्ता आमच्या मालवण तालुक्यातल्या एकाही गुराख्यापर्यंत पोहोचलेली मला आढळली नाही. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ज्यांच्या नावाने वर्षे, सप्ताह आणि दिवस साजरे होतात, त्यांना ती बातमी शेवटी कळते हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. परंतु या निमित्ताने एका प्रश्नाकडे पक्षाच्या कार्यकर्त्यांचे लक्ष वेधावे असे वाटते. तो प्रश्न सड्यांचा आहे. वरवर पाहता तो गवताचा आणि गुरांचा दिसतो. खोलात गेल्यावर तो जमिनीच्या हक्काचा, ज्ञानाच्या मालकीचा आणि लोकशाहीच्या भाषेचा प्रश्न आहे असे ध्यानात येते.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी आधी सडा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. समुद्रकिनाऱ्यापासून आत येऊ लागले की खाडी, भातशेतीचे मळे आणि माडापोफळीच्या वाड्या यांच्या डोक्यावर जांभ्या खडकाची सपाट पठारे पसरलेली दिसतात. देवगड, मालवण, वेंगुर्ले या तिन्ही तालुक्यांत ती आहेत. उन्हाळ्यात ती काळीठिक्कर आणि तापलेली असतात. वरून मोटारीने जाणाऱ्याला तेथे काहीही दिसत नाही. मृगाचा पाऊस पडला की त्याच कातळावर चार बोटे मातीत गवत उगवते, खळग्यांतून पाणी साठते, आणि श्रावण-भाद्रपदात पानगेंद, कवला, तेरडा, सीतेची आसवे यांचे गालिचे पसरतात. सीतेची आसवे किंवा दवबिंदू या चिमुकल्या वनस्पती कीटक खाऊन जगतात, कारण त्या मातीत अन्नांश अत्यल्प असतात. दीपकाडी नावाची पांढऱ्या फुलांची कंदवर्गीय वनस्पती कोकणच्या सड्यांखेरीज अन्यत्र मिळणे दुर्मीळ. सड्यावरच्या सैल दगडांखाली राहणारी एक पांढऱ्या पट्ट्यांची पाल १९६३ साली प्रथम शास्त्राच्या नोंदीत आली. तीही कोकणातलीच. जांभा सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी सड्यातून झिरपते आणि पायथ्याच्या विहिरींना, वहाळांना पुरवले जाते. म्हणजे ज्याला आपण ओसाड म्हणतो, त्याच्याच जिवावर खालची बागायत उभी असते.

परंतु सड्याचे हे वर्णनही अपुरे आहे, कारण त्यात माणूस नाही. सडा हे गुरांचे आणि गुराख्यांचे राबते क्षेत्र आहे. पावसाळ्यात खालच्या मळ्यांत भात उभे असते. तेव्हा गुरांना भातापासून दूर ठेवणे हे गावाचे सामूहिक काम असते आणि ती गुरे सड्यावर जातात. भातकापणी आटोपली की गुरे खाली मळ्यांत मोकळी सुटतात. त्याच सुमारास सड्यावरचे वाळलेले गवत कापले जाते, त्याच्या पेंढ्या बांधल्या जातात, आणि त्या गोठ्यासाठी, पूर्वी घराच्या शाकारणीसाठीही, रचून ठेवल्या जातात. कोणत्या वाडीची गुरे कोणत्या अंगाने जायची, दुपारी कोणत्या गोठणीवर बसायची, कोणत्या तळीवर पाणी प्यायची याचे संकेत गावऱ्हाटीत ठरलेले असतात. रानात गुरे राखणाऱ्यांचा वाघबारशीसारखा सणही याच व्यवस्थेतून आलेला आहे. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या ज्या सड्याला लोक बाहुल्यांचा सडा म्हणतात, तेथील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याच यादीत राजापूर तालुक्यातील एका गावाचे नाव आहे देवाचे गोठणे. गुरांचा विसावा गावाच्या नावात टिकून राहिला आहे. जागतिक वारसा म्हणून ज्या जमिनीकडे बोट दाखवले जाते, ती पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारण्याची जमीन आहे, एवढी साधी गोष्ट आपण विसरता कामा नये.

आता या सड्याकडे पाहण्याच्या दोन अधिकृत दृष्टी आहेत आणि दोन्ही माझ्या मते सदोष आहेत.

पहिली दृष्टी महसुली आहे. सातबाऱ्यावर सडा 'पोटखराबा' म्हणून येतो. ज्या जमिनीवर पीक नाही ती खराब, ही वसाहतकालीन महसूलव्यवस्थेची व्याख्या स्वातंत्र्यानंतरही आपण बदलली नाही. सारा न देणारी जमीन सरकारला निरुपयोगी वाटणे समजू शकते. परंतु तीच व्याख्या पुढे नियोजनाची व्याख्या बनली. १९८५ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन केले आणि पुढे उपग्रहाच्या साहाय्याने पडीक जमिनींचे नकाशे निघाले. खडकाळ जमीन त्या नकाशांत पडीकच ठरली. १९९० पासून रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड आली. तिने कोकणात अनेक कुटुंबांना आंबा-काजूचे उत्पन्न मिळवून दिले हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढे सुरुंग आणि जेसीबी लावून कातळ फोडायचा, बाहेरून माती आणून भरायची, भोवती गडगा किंवा तारेचे कुंपण घालायचे, असा क्रम सुरू झाला. त्या कुंपणाबरोबर गुरांची वाटही बंद झाली. जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणी वेगळ्याच. चिपी-परुळ्याच्या सड्यावर विमानतळ झाला आणि ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातील बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी पोलीस बंदोबस्तात मातीपरीक्षण सुरू झाले, तेव्हा गावच्या बाया तेथे ठाण मांडून बसल्या. या प्रत्येक प्रकल्पाच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे करता येईल. मला येथे एवढेच सांगायचे आहे की प्रत्येक वेळी गृहीतक एकच असते: येथे काहीच नव्हते.

दुसरी दृष्टी निसर्गरक्षणाची आहे. तिचा हेतू चांगला असतो. परंतु ती बऱ्याचदा असे मानते की निसर्ग वाचवायचा म्हणजे माणूस आणि त्याची गुरे बाहेर काढायची. या समजुतीची किंमत आपल्या देशाने मोजलेली आहे. राजस्थानात भरतपूरचे केवलादेव हे पाणपक्ष्यांचे विख्यात ठिकाण. ते राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ साली तेथे म्हशींना चरावयास बंदी करण्यात आली. भोवतालच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात गावकरी मृत्युमुखी पडले. बंदी कायम राहिली. त्याच दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे प्रदीर्घ अभ्यास केला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की म्हशी चरत नाहीशा झाल्यावर पाणथळीतले गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी कमी झाले, आणि ज्या पक्ष्यांसाठी हे सारे केले त्यांच्यापैकी अनेकांची अडचण झाली. म्हशी त्या पाणथळीच्या शत्रू नव्हत्या, तिच्या राखणदार होत्या. ही गोष्ट तेथल्या गुराख्याला विचारली असती तर एका दुपारी कळली असती. ती कळण्यासाठी माणसांचे जीव आणि अनेक वर्षे खर्ची पडली. यात विज्ञानाची नामुष्की नाही. उलट, आपल्याच तज्ज्ञांच्या शिफारशीविरुद्ध जाणारा निष्कर्ष प्रामाणिकपणे मांडणे हा विज्ञानाचा गौरवच होय. नामुष्की आहे ती विचारण्याआधी हुकूम काढणाऱ्या कारभाराची.

जवळचे उदाहरण हवे असेल तर साताऱ्याचे कास पठार घ्यावे. २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळे जागतिक वारसायादीत गेली, त्यांत कास होते. पर्यटकांची रीघ लागली आणि फुलांच्या रक्षणासाठी जाळीचे कुंपण उभे राहिले. त्यामुळे गुरांची ये-जाही थांबली. काही वर्षांनी फुलांचा बहर उणावल्याची तक्रार स्थानिक लोक करू लागले. गुरे नसल्याने उंच गवत माजते आणि खुज्या फुलझाडांना ऊन मिळत नाही, हे त्यांचे म्हणणे होते. पुढे ते कुंपण काढण्याचा निर्णय घ्यावा लागला. कारण समजण्यास अवघड नाही. सड्यावरची बहुतेक फुले वीतभरसुद्धा उंचीची नसतात. गवत वेळच्या वेळी खाल्ले किंवा कापले गेले नाही, तर ती त्याच्या सावलीत गुदमरतात. चराई, कापणी आणि पाऊस यांच्या ठरलेल्या फेऱ्यातून त्या फुलांचे राज्य टिकून राहिलेले असते.

मध्यंतरी आमच्या पंचक्रोशीत जैवविविधतेविषयी जनजागृतीची एक सभा झाली. मी निवृत्त होऊन गावी परतल्यापासून अशा सभांना आवर्जून जातो. आलेले तरुण अभ्यासू होते आणि त्यांची तळमळ खरी होती. पडद्यावरची चित्रे सुंदर होती, परंतु त्यांखालचा मजकूर इंग्रजीत होता. तासाभराच्या व्याख्यानाचे सार असे की सड्यावरची फुले अनमोल आहेत, तेव्हा ग्रामस्थांनी तेथील चराई थांबवावी. शेवटी 'काही प्रश्न?' असे विचारण्यात आले. मागच्या बाजूला दाराशी बसलेला एक वृद्ध धनगर उठला आणि म्हणाला, "सायबानु, गुरां बंद केलात तर गवात कमरेइतक्या वाढतला. मगे ही बारकी फुलां खंय बघशात?" सभेत हशा पिकला. वक्त्यांनीही हसून, 'आजोबांचा मुद्दा रोचक आहे' असे म्हणून आभारप्रदर्शन पुकारले. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. वनस्पतिशास्त्रात माझी गती नाही. तरी भरतपूरच्या अभ्यासाचे निष्कर्ष मी वाचलेले होते आणि हा निरक्षर माणूस तोच सिद्धांत एका वाक्यात मांडतो आहे हे माझ्या ध्यानात आले. त्या सभेत विज्ञान बोलणारा एक माणूस दाराशी बसलेला होता आणि त्याचे म्हणणे कोणीही टिपून घेतले नाही. मीही उठून बोललो नाही, याची खंत मला आजही आहे. हा लेख काही अंशी त्या मौनाची भरपाई आहे.

विज्ञानप्रसार म्हणजे ज्ञानी माणसाने अज्ञ माणसाच्या ओंजळीत पाणी ओतणे, अशी आपली समजूत झाली आहे. मराठीत विज्ञानप्रसाराची परंपरा दुबळी नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करीत आहे. केरळात १९६२ साली स्थापन झालेल्या शास्त्र साहित्य परिषदेने सायलेंट व्हॅलीच्या प्रश्नावर खेड्यापाड्यांतून जे लोकशिक्षण केले, ते आपल्या चळवळीला परिचित आहे. महाराष्ट्रातही १९८० साली लोकविज्ञान संघटना त्याच प्रेरणेतून उभी राहिली. परंतु शासनव्यवहारात ही परंपरा शिरली नाही. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाची २००६ सालची अधिसूचना पाहा. जाहीर सुनावणीपूर्वी स्थानिक भाषेत द्यावयाचा तो केवळ अहवालाचा सारांश. शेकडो पानांचा मूळ अहवाल इंग्रजीत असला तरी चालतो. ज्याच्या जमिनीचा, पाण्याचा आणि श्वासाचा प्रश्न आहे त्याने सारांशावर समाधान मानावे आणि सल्लागार कंपनीने मूळ ग्रंथ वाचावा, अशी ही वाटणी आहे. २०२० साली हीच अधिसूचना बदलण्याचा मसुदा आला. तो देशी भाषांत उपलब्ध करून द्यावा, यासाठी लोकांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने तसा आदेश दिला, तर सरकारने त्यालाच आव्हान दिले.

पश्चिम घाटाविषयी माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल सादर केला. तो लोकांसमोर यावयास मे २०१२ उजाडला आणि तेही माहिती अधिकाराचा लढा देऊन. मधल्या काळात अफवांना मोकळे रान मिळाले. घर बांधता येणार नाही, झाड तोडता येणार नाही, गुरे पाळता येणार नाहीत, असे गावोगाव सांगितले गेले. वस्तुतः अहवालाचा गाभा असा होता की कोणत्या भागाला किती संरक्षण द्यावयाचे याचा अंतिम विचार ग्रामसभांच्या सहभागाने व्हावा. आपल्या सिंधुदुर्गातील सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ ग्रामसभांनी, आमची गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करा, असे ठराव त्या समितीकडे पाठवले होते. खाणींचे संकट त्यांच्या डोक्यावर होते. म्हणजे गावकरी निसर्गरक्षणाच्या विरोधात असतात हे खरे नाही. निर्णय त्यांचा असेल तेव्हा ते स्वतः संरक्षण मागतात. निर्णय वरून लादला जातो तेव्हा विरोध करतात. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्र सरकारने याच विषयाचा सहावा मसुदा काढला. वायनाडमध्ये दरडी कोसळून झालेल्या हाहाकाराचा तो दुसरा दिवस होता. त्यात महाराष्ट्रातील १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र होते आणि हरकतींसाठी ६० दिवस. भर पावसाळ्यातील हे ६० दिवस गावातल्या शेतकऱ्याला कितपत उपयोगी पडतात, याचा विचार कोणी केला असेल असे वाटत नाही.

हा अनुभव मालवणला नवा नाही. १९८७ साली येथे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. मासेमारीवर जगणाऱ्या समाजाला विश्वासात न घेता आलेल्या त्या अधिसूचनेविषयीचा अविश्वास पुढे दशकानुदशके टिकला. प्रवाळांचे आणि मत्स्यबीजाचे रक्षण व्हावे असे पारंपरिक मच्छीमाराला वाटत नाही काय? पर्ससीन जाळ्यांच्या विरोधात तोच तर लढतो आहे. परंतु त्याच्याशी बोलण्याची भाषा शासनाला सापडली नाही. समुद्रात जे झाले तेच सड्यावर होऊ द्यावयाचे काय, हा आज आपल्यापुढचा प्रश्न आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. गुराखी सांगेल ते सर्व खरे मानावयाचे काय? मुळीच नाही. लोकज्ञानाचे देव्हारे माजवणे हा विज्ञाननिष्ठ समाजवाद्याचा मार्ग नव्हे. अति चराईने कुरणे उजाड होतात. उन्हाळ्यात लावलेले वणवे कलमांच्या बागा जाळतात, तसेच सड्यावरचे जीवही. गावऱ्हाटीचे जे संकेत मी वर वर्णिले, त्यांत जातींची उतरंडही होती. गुरे राखणारा धनगर किंवा भूमिहीन कुळ आणि गावचे निर्णय घेणारे मानकरी यांच्यात समता नव्हती. आणि आता तर गुरेच कमी होत चालली आहेत. नांगराची जागा पॉवर टिलरने घेतली, तरुण मुंबई-गोव्याला गेले, आणि दिवसभर सड्यावर उभे राहण्यास कोणी उरले नाही. कोकण कपिला ही आमची लहान चणीची, डोंगरउतारावर चढणारी गाय राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. परंतु ती राखणाऱ्याच्या मजुरीची नोंद कोठेही नाही. तेव्हा जुने दिवस परत आणा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही.

मुद्दा असा आहे की चराई किती, केव्हा आणि कोठे, हा शास्त्राचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गुराख्याला वगळून मिळणार नाही. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक कुरणाची शोकांतिका मांडली. प्रत्येक जण आपले एकेक जनावर वाढवीत जातो आणि अखेरीस कुरण नष्ट होते, असा तो सिद्धांत. आमच्या पिढीने तो वर्गात शिकवला, मीही शिकवला. परंतु हार्डिन यांचे कुरण कल्पनेतले होते. त्यात कोणीही कोणाशी बोलत नाही, नियम नाहीत, गोठण नाही, गाव नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रत्यक्ष गावांचा, कुरणांचा आणि पाटपाण्याच्या व्यवस्थांचा अभ्यास करून १९९० साली दाखवून दिले की वापरणारे लोक नियम ठरवतात, परस्परांवर देखरेख ठेवतात आणि सामाईक साधने शतकानुशतके टिकवतात. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे एन. एस. जोधा यांनी १९८६ साली सात राज्यांतील ऐंशीहून अधिक गावांची पाहणी प्रसिद्ध केली. गरीब कुटुंबांच्या उत्पन्नाचा १४ ते २३ टक्के भाग सामाईक जमिनींतून येतो, आणि त्या जमिनी स्वातंत्र्योत्तर काळात झपाट्याने आटल्या, असे त्यांना आढळले. त्यांची गावे अवर्षणप्रवण भागांतली होती, कोकणातली नव्हती. तथापि सरपण, चारा, शेणखत आणि रानभाजी यांचा हिशेब कोणत्याही सरकारी ताळेबंदात येत नाही, हा त्यातला धडा कोकणालाही लागू पडतो. जे मोजले जात नाही ते नाहीच असे ठरते, आणि मग ते घेणे सोपे जाते.

कोकणात यात एक विशेष गुंता आहे. आमचे बरेचसे सडे सरकारी गायरान नाहीत. ते खासगी आहेत, सामायिक नावांचे आहेत. एकेका सातबाऱ्यावर नावांची मोठी रांग असते आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबईत. मालकी खासगी, परंतु वापर सामूहिक, अशी ही परंपरा. ज्याच्या नावावर गुंठाभरही सडा नाही, त्याच्या गाईलाही तेथे चरण्यास कोणी मज्जाव केला नाही. हा हक्क रूढीने चालत आला, पण कागदावर कधी चढला नाही. परिणामी बाहेरचा खरेदीदार येतो, दूरच्या हिस्सेदारांच्या सह्या घेतो, आणि एका दस्ताने पूर्ण गावाची चराई संपते. विकणाऱ्याला पैसे मिळतात. चारणाऱ्याला नुकसानभरपाई तर सोडाच, नोटीससुद्धा मिळत नाही, कारण कायद्याच्या लेखी त्याचे काही गेलेलेच नसते.

यावर उपाय काय? १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ अन्वये सरकारी जमीन गुरचरणासाठी राखून ठेवता येते. त्याच संहितेत निस्तारपत्रकाचे प्रकरण आहे. गावातील बिनताब्याच्या जमिनीवर चराई, सरपण इत्यादी हक्क कोणाला, कोणत्या अटींवर, याची गावनिहाय नोंद त्यात होते. खासगी जमिनीवरील वाटेसारखे रूढीचे हक्क नोंदण्याचीही तरतूद त्याच प्रकरणात आहे. परंतु ते प्रकरण विदर्भापुरते आहे. मेंढा-लेखासारख्या गावांनी निस्तार हक्कांचा आधार घेऊन काय केले, हे आपण जाणतो. तीच तरतूद, खासगी सड्यांवरील रूढ चराईचा स्पष्ट उल्लेख करून, कोकणाला लागू का होऊ नये? विधानसभेत ही मागणी मांडणे हे आपल्या पक्षाचे काम आहे. ज्या जमिनी वनखात्याच्या आहेत तेथे २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क स्पष्टपणे मान्य केलेला आहे. त्याचे दावे दाखल करण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याची गरज नाही.

दुसरे काम आजच हाती घेता येईल. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. अनेक ठिकाणी मुदत गाठण्याच्या घाईत या वह्या बाहेरच्या माणसांकरवी भरून घेण्यात आल्या. आपल्या गावची वही ग्रामपंचायतीतून मागवून घ्या आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. तीत सड्याचे पान आहे का ते पाहा. गोठणी, तळ्या, गुरांच्या वाटा, गवत कापण्याचा काळ, कोणते फूल केव्हा येते, हे सारे गुराख्यांच्या तोंडून आणि त्यांच्याच शब्दांत नोंदवा. शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या. सड्याचे दोन तुकडे आखा, एक चरता, एक बंद, आणि तीन पावसाळे दोन्हींवरची फुले मोजा. हा प्रयोग सातवीतला विद्यार्थी करू शकतो. त्याचे निष्कर्ष विद्यापीठाला पाठवा आणि विद्यापीठातून येणाऱ्या अभ्यासकांना सांगा की तुमचे निष्कर्षही मराठीत आमच्या ग्रामसभेपुढे आलेच पाहिजेत. विज्ञानप्रसार हा असा दुतर्फा रस्ता झाला, तरच तो रस्ता.

बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी राजापूर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करताना कोकणच्या माणसाचा प्रश्न दिल्लीला समजेल अशा भाषेत मांडला. आज उलट दिशेचे कामही तितकेच निकडीचे आहे. दिल्लीत, मुंबईत आणि प्रयोगशाळांत ठरणाऱ्या गोष्टी सड्यावरच्या माणसाला त्याच्या भाषेत कळाव्यात आणि त्याला जे कळते ते तेथवर पोहोचावे. त्या सभेतल्या वृद्धाच्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. यंदाच्या पावसाळ्यात आमच्या वाडीतील मुलांना घेऊन मी सड्यावर दोन चौकोन आखणार आहे. मोजणी कशी करावयाची हे मला नीटसे ठाऊक नाही. ते सांगण्यासाठी मी त्या आजोबांना बोलावले आहे.